पाठ केलेली उत्तरं बाजूला ठेव

प्रिय चिऊ,

अनेक आशीर्वाद.

फार्मसी कॉलेजच्या प्रवेशाच्या मुलाखतीसाठी तू लिहून पाठवलेली उत्तरांची फाइल काल ड्यूटीवरून आल्यावर वाचली. बाबांनीही वाचली आणि "मस्त लिहिलंय" म्हणाले. बाबांचं मनावर घेऊ नकोस, त्यांना तुझं सगळंच मस्त वाटतं. मला काही ती उत्तरं पटली नाहीत. फोनवर सांगायला गेले तर तू "हो आई, कळलं आई" म्हणून दोन मिनिटांत मला गुंडाळतेस, म्हणून लिहायला बसले. सावकाश वाच.

"फार्मसीच का?" याला तू लिहिलंयस की लोकांना मदत करायची आहे, केमिस्ट्री आवडते आणि आई फार्मसिस्ट आहे. यातलं खोटं काहीच नाही. पण त्या दिवशी तिथे आलेलं प्रत्येक पोर हेच सांगणार. माझ्याकडे रोटेशनला, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या सरावाला, विद्यार्थी येतात, त्या ओळखीतून एक कॉलेज मला अधूनमधून मुलाखतीच्या पॅनेलवर बोलावतं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत "मदत करायची आहे" इतक्या वेळा कानावर आदळलेलं असतं की पेन आपोआप थांबतं. आणि आईचं नाव काढलंस तर पुढचा प्रश्न ठरलेला: आई वकील असती तर मग काय केलं असतंस?

मला तर "का" असं कुणी विचारलंच नव्हतं. बारावीचे मार्क, मेडिकलच्या यादीत नाव नाही, चला बी.फार्मला. वर्गातले निम्मे तरी असेच आलेले. इकडे अमेरिकेत आल्यावर परदेशी पदवीवाल्यांची एफपीजीईई परीक्षा, मग बोलण्याच्या इंग्रजीची टीएसई, इंटर्नशिपचे तास, लायसन्ससाठीची नॅप्लेक्स परीक्षा, असं करत लायसन्स मिळालं. तेव्हा चार वर्षांची बी.फार्म चालायची. २००३ पासून पुढे पदवी घेतलेल्यांना पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची अट आली आणि नंतरच्या बी.फार्मवाल्यांसाठी ते दार बंद झालं. गोष्ट म्हणून चांगली आहे, पण ती माझी आहे. तुझ्या मुलाखतीत तिचा काडीचा उपयोग नाही.

तुझी स्वतःची गोष्ट मात्र फाइलमध्ये कुठेच नाही. जानेवारीत तू टेक्निशियन म्हणून काउंटरवर उभी होतीस तेव्हा तो रक्त पातळ करायच्या गोळ्यांवाला माणूस आला होता ना? नवीन वर्ष लागलेलं, इन्शुरन्सचं डिडक्टिबल, म्हणजे आधी स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम, पुन्हा पहिल्यापासून सुरू, त्यामुळे डिसेंबरपर्यंत किरकोळ को-पेवर मिळणाऱ्या औषधाचे एकदम काहीशे डॉलर झाले. तो "राहू दे" म्हणाला आणि पिशवी तुझ्याकडे सरकवली. मागे रांग होती, ड्राइव्ह-थ्रूची घंटी वाजत होती. पिशवी परत जागेवर ठेवून तू "नेक्स्ट" म्हणाली असतीस तरी तुला कुणी बोललं नसतं. तू विचारलंस, "घरी किती गोळ्या उरल्यात?" तो म्हणाला, कालच संपल्या. मग तू फार्मसिस्टला हाक मारलीस, त्यांनी औषध कंपनीचं सवलतीचं को-पे कार्ड लावून दिलं आणि तो गोळ्या घेऊन गेला. ती गोळी मध्येच बंद केली तर स्ट्रोकचा धोका वाढतो हे तुला तेव्हा धड माहीतही नव्हतं. माहीत नसताना तुला तो प्रश्न सुचला, याचं मला त्या रात्री फार अप्रूप वाटलं होतं. बोलले नव्हते, आता लिहितेय.

हे सांग त्यांना. जसं घडलं तसं: रांग, तो काय म्हणाला, तू काय विचारलंस, पुढे काय झालं. "एम्पथी" हा शब्द चुकूनही काढू नकोस, तो त्यांना लिहू दे त्यांच्या कागदावर. आणि त्या माणसाची ओळख पटेल असं काही बोलू नकोस. पेशंटचा तपशील भडाभडा सांगणाऱ्या मुलीला मी स्वतः कमी मार्क दिलेत.

आमच्या कामात सांगण्याला फार किंमत आहे असं बाहेरच्यांना वाटतं. मला विचारशील तर आधी विचारणं येतं. मागच्या उन्हाळ्यात माझ्या मैत्रिणीच्या सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. मैत्रिणीचा फोन आला, "आईंना सर्दी झालीय, टायलेनॉल दिलं तर चालेल ना?" "चालेल" म्हणायला काय लागतं? मी म्हटलं, त्यांना घेऊन ये आणि त्यांच्या गोळ्यांचा डबाही आण. स्टीलचा डबा, आधी चिवड्याचा असणार, उघडल्यावर तसा वासही आला. आत कात्रीने कापलेल्या स्ट्रिपांचे तुकडे. आपल्याकडे दुकानदार स्ट्रिपमधून हव्या तेवढ्याच गोळ्या कापून देतो, मग नाव एका तुकड्यावर जातं आणि एक्स्पायरी दुसऱ्यावर. एकेक तुकडा उजेडात धरून वाचला. गुडघ्यासाठी कॉम्बिफ्लाम, दिवसातून तीनदा. म्हणजे प्रत्येक गोळीत ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन आणि ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल. टायलेनॉल म्हणजे तेच पॅरासिटामॉल, इकडे ते अ‍ॅसिटामिनोफेन या नावाने विकतात. सर्दीचं म्हणून मुलाने डेक्विल आणून ठेवलं होतं, त्यातही तेच. शिवाय बीपीची लोसार्टन चालू, आणि तिच्या जोडीला रोज आयबुप्रोफेन म्हणजे या वयात किडनीवर ताण.

"काकू, आणखी काही घेता का?"

"छे गं, एवढंच."

"झोपताना?"

"हां, ती एक असते. पण ते काही औषध नव्हे."

ती झोपेची गोळी होती! मी काकूंना तिथे काही बोलले नाही. टायलेनॉल आणि डेक्विल दोन्ही बाजूला ठेवायला लावलं, पुण्याच्या डॉक्टरांना फोन लावून दिला आणि सगळ्या गोळ्यांची एका कागदावर यादी केली. तो कागद आता काकूंच्या पर्समध्ये असतो.

हे सगळं सांगायचं कारण तुझा एमएमआय, म्हणजे ती खोल्याखोल्यांतून होणारी छोट्या छोट्या मुलाखतींची फेरी. तुला त्याची धास्ती आहे, ते तुझ्या आवाजावरून कळतंच. अगं, ती पद्धत कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने मेडिकलच्या प्रवेशासाठी काढली, ती पोरांना छळायला नाही. एकाच माणसाच्या आवडीनिवडीवर प्रवेश ठरू नये म्हणून प्रत्येक खोलीत वेगळा परीक्षक. दारावरचा कागद वाचायला साधारण दोन मिनिटं, आत सहा-आठ मिनिटं, घंटा झाली की पुढचं दार. एका खोलीत फसलीस तर पुढच्या खोलीतल्या माणसाला त्यातलं काही ठाऊक नसतं. तूही विसरून जा. हे तुला जड जाईल, कारण नववीतली एक बी ग्रेड तू अजून उगाळतेस.

आता त्या वेदनाशामक गोळ्यांच्या प्रश्नाचं बघ. कागदावर असतं: एक माणूस ओपिऑइडच्या गोळ्या मुदतीच्या आठवडाभर आधीच मागतोय आणि चिडलाय. तू लिहिलंयस, "मी नकार देईन, कारण ते बेकायदेशीर आहे." शेवटी नकारच द्यावा लागेल कदाचित. पण पहिल्या वाक्यात कशाला? गोळ्या हरवल्या का? दुखणं वाढलंय म्हणून जास्त घेतल्या का? प्रवासाला निघालाय का? डॉक्टरांनी डोस बदललाय का? हे विचारल्याशिवाय समोर व्यसनी माणूस आहे की गेल्या महिन्यात पाठीचं ऑपरेशन झालेला सुतार, हे तुला कसं कळणार? फार्मसिस्ट अशा गोळ्या कुणाला कधी दिल्या याच्या राज्याच्या नोंदी उघडून बघतो, डॉक्टरांना फोन करतो. तू अजून विद्यार्थीसुद्धा नाहीस. "माझ्या अधिकारात हे नाही, मी फार्मसिस्टना बोलावते, तोवर तुम्ही इथे बसा" हे उत्तर अगदी पूर्ण आहे. कायद्याची कलमं त्यांना तुझ्याकडून नको आहेत.

काही खोल्यांत नट असतो, तो आवाज चढवतो. त्याला बोलून संपवू दे. मध्ये "आय अंडरस्टँड" घालू नकोस, तुला अजून काहीच कळलेलं नसतं.

आणि "मेडिकल का नाही?" हा प्रश्न येणार म्हणजे येणार. तिथे डॉक्टरांना नावं ठेवायची नाहीत, आणि मेडिकलचा अभ्यास फार लांबतो असंही म्हणायचं नाही. तुला औषधाच्या बाजूनेच माणसाकडे बघायला का आवडतं, ते सांग. सांगता येत नसेल तर आत्ताच विचार कर, मुलाखतीसाठी म्हणून नव्हे. पुढची चार वर्षं आणि त्यासाठीचं कर्ज तुझं आहे.

धंद्याचं काय होणार, हेही विचारतील. २०२५ मध्ये राइट एड या औषध दुकानांच्या साखळीची उरलीसुरली दुकानं बंद झाली, हे वाचलेलं असलं पाहिजे. पीबीएम, म्हणजे इन्शुरन्स आणि फार्मसी यांच्यामधल्या औषधांचे पैसे ठरवणाऱ्या कंपन्या, काय करतात आणि लहान फार्मसी त्यांच्यावर का चिडलेल्या असतात, एवढं दोन वाक्यांत यायला हवं. रडगाणं नको. लस टोचणं, हॉस्पिटलमधलं काम, क्लिनिकमध्ये डायबेटिसच्या पेशंटचे डोस बसवणं, ही कामंही फार्मसिस्टच करतात. तू माझ्याबरोबर येऊन बघितलंयस.

एक गोष्ट तुमची पिढी विसरते. फार्मसी प्रवेशाची पीकॅट परीक्षा जानेवारी २०२४ नंतर बंदच झाली, त्यामुळे मुलाखतीला वजन आलंय हे खरं. पण गेल्या दहा वर्षांत अर्ज करणारी मुलंही कमी झालीत. त्यांनाही तू हवी आहेस. तेव्हा "काही प्रश्न आहेत का?" असं विचारल्यावर "नो, थँक यू" म्हणू नकोस. मी तुझ्या जागी असते तर हे विचारलं असतं: पहिल्या वर्षाला घेतलेल्यांपैकी वेळेत पदवी किती जणांना मिळते? शेवटच्या वर्षाची रोटेशनं कुठे असतात, आणि जागा कॉलेज शोधून देतं की मुलांनीच वणवण करायची? एपीपीईचे, म्हणजे या शेवटच्या वर्षाच्या रोटेशनांचे, निदान १४४० तास भरायचे असतात. दोन तास गाडी चालवून ते भरणारी मुलं माझ्याकडे येतात आणि दुपारी उभ्या उभ्या पेंगतात. नॅप्लेक्सला पहिल्या फटक्यात किती पास होतात ते विचारूच नको, प्रत्येक कॉलेजचे आकडे ती परीक्षा घेणारी एनएबीपी संस्था दरवर्षी जाहीर करते. ते आधीच बघून जा. तुझ्या यादीतल्या एका कॉलेजचे मी बघितले. कुठलं ते सांगत नाही, तूच शोध.

झूमवरची मुलाखत हॉस्टेलच्या खोलीत देऊ नकोस, तुझ्या रूममेटला दार वाजवायची सवय नाही. लायब्ररीतली छोटी खोली आधीच बुक कर. उत्तरांचे कागद स्क्रीनमागे चिकटवायचे नाहीत. डोळे वाचताना कसे फिरतात ते पॅनेलवरच्या माणसाला लगेच दिसतं, आम्ही एकमेकांना खुणा करतो.

शुक्रवारी येशील तेव्हा सराव करू. प्रश्न बाबा विचारतील, मी स्वयंपाकघरातून ऐकेन, कारण मी समोर असले की तू माझ्या चेहऱ्याकडे बघून उत्तर बदलतेस. निळा ब्लेझर घेऊन ये, त्याचं बटण लोंबतंय, मी शिवून देते. आणि ती फाइल आणू नकोस.

तुझी,
आई