फोर्ट कोचीतल्या त्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

जाहीरपणे नाव घेतलेलं तुम्हाला आवडायचं नाही, म्हणून नुसतं काका.

बाबांचा गुडघा आणि बाबांचं इतिहासाचं वेड, दोन्ही जुनं. त्यांना फोर्ट कोची पायीच बघायचं होतं. आदल्या दिवशी ज्या गाइडला पैसे मोजले, त्याने सेंट फ्रान्सिस चर्च घाईघाईत उरकलं आणि मग मसाल्यांची नि गालिच्यांची दुकानं मात्र निवांत दाखवली. कमिशन असतं म्हणे! वर बाबांच्या तोंडावर म्हणाला, "आजोबांना हॉटेलवरच ठेवायचं ना." ते बोलणं अजून डाचतं.

तुम्ही भेटलात मासेमारीच्या चिनी जाळ्यांपाशी. आमचं मराठी कानावर पडलं आणि भांडुपच्या नोकरीतलं तुमचं मराठी उफाळून आलं. "चला, मी दाखवतो," म्हणालात आणि निघालातही.

थोडं चाललं की तुम्हीच म्हणायचात, "माझे पाय बोलायला लागले, जरा टेकू या." आधी तुम्ही बसायचात, मग बाबा. थकलो म्हणायची वेळ तुम्ही त्यांच्यावर एकदाही आणली नाहीत. चर्चमध्ये तर दोरीने ओढायच्या त्या जुन्या पंख्यांखाली चांगलाच ठिय्या दिलात. वास्को द गामा १५२४मध्ये कोचीत वारला, आधी इथेच पुरला होता, हे बाबांना पाठच होतं. पण उत्तरेच्या भिंतीला पोर्तुगीजांचे थडग्यांचे दगड आणि दक्षिणेच्या भिंतीला डचांचे, हे तुम्ही दाखवलंत. १६६३मध्ये डचांनी गाव जिंकलं, कॅथलिकांची बरीच चर्चं पाडली, हे मात्र ठेवलं. "भांडले जन्मभर, आता बसलेत समोरासमोर," म्हणालात. बाबा किती दिवसांनी असे खळखळून हसले!

मग डच दफनभूमी, सांताक्रूझ बॅसिलिका, सगळं असंच, बसत-बोलत झालं. प्रिन्सेस स्ट्रीटवर आमचा निरोप घेऊन तुम्ही वळलात, आणि तुमची खरी चाल तेव्हा मला दिसली. झपझप, तरण्या पोराला मागे टाकाल अशी. तुमचे पाय कुठले दुखताहेत!

बाबांना हे सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. माणुसकी म्हटलं की लोकांना देणग्या नि सत्कार आठवतात. समोरच्याचा मान राखायला आपण थोडं दमल्यासारखं करायचं, हे कुणाला सुचतं?

मट्टनचेरीचा राजवाडा बघायचा राहिलाय. बाबांनी आत्तापासूनच टुमणं लावलंय. शुक्रवारी तो बंद असतो. तेवढा वार सोडून कधीही बोलवा, येतो.

तुमची,
पुण्याची पोर