सेन्सर बदलण्याआधी वाच

कराड

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू घाईत होतास आणि माझ्यासमोर गिऱ्हाईक उभं होतं, म्हणून सविस्तर लिहिते. सोळाचं अ‍ॅव्हरेज सांगून विकलेली गाडी अकरा देते, इंजिन लाईट जळते. गॅरेजवाल्याने टेम्परेचर सेन्सर बदलला, लाईट गेली, थोड्या दिवसांत परत आली, आणि आता तो ऑक्सिजन सेन्सर टाकू म्हणतोय. टाकू नकोस. खाली लिहिलंय ते बघून होईपर्यंत तरी नको.

तू पाठवलेल्या फोटोत गाडीच्या कॉम्प्युटरने दिलेला दोषाचा कोड आहे पी०१२८. त्याचा अर्थ एवढाच, की इंजिन ठरलेल्या वेळात पुरेसं तापलं नाही. कुठला पार्ट गेलाय हे त्यावरून पक्कं ठरत नाही. काउंटरवर रोज कुणीतरी मोबाईल पुढे करतं आणि "ह्या कोडचा सेन्सर द्या" म्हणतं. मी देते, शेवटी दुकान आहे. पण चोर आला म्हणून भुंकणारं कुत्रं विकून दुसरं आणलं तर ते तरी काय करणार? भुंकणारच. तुझा नवा टेम्परेचर सेन्सर तेच करतोय. स्कॅनरने कोड पुसला की लाईट जाते. मग बहुतेक गाड्यांत तोच दोष लागोपाठ दोन फेऱ्यांत दिसल्याशिवाय ती परत लागत नाही. मधल्या दिवसांत गॅरेजवाल्याचे पैसे देऊन झालेले असतात.

माझा संशय थर्मोस्टॅटवर आहे. कूलंट म्हणजे इंजिन गार ठेवणारा द्रव, त्याच्या वाटेवर असलेली ही छोटी झडप, तिच्या पोटात मेण असतं. इंजिन थंड असताना ती बंद राहते, कूलंट रेडिएटरकडे जात नाही आणि इंजिन चटकन तापतं. मग मेण वितळून फुगतं आणि झडप उघडते. कुठे ८२ अंशांना, कुठे ८८ ला. तो आकडा बहुतेक वेळा झडपेवरच ठोकलेला असतो. ती बंद अवस्थेत अडकली तर गाडी उकळते आणि सगळ्या जगाला कळतं. उघडी अडकली तर कुणालाच कळत नाही, कारण गाडी छान "थंड" चालते. आणि आपल्याकडे तिसराच प्रकार चालतो. गाडी हीट होते म्हटलं की काही मिस्त्री ती काढूनच टाकतात. "आपल्याकडे एवढं ऊन, हिचं काय काम?" खरं दुखणं असतं चोंदलेला रेडिएटर नाहीतर न फिरणारा फॅन, पण तो खर्च वाचतो. त्यातून गाडी विकायला काढलेली असली तर बघायलाच नको. तुझ्या गाडीत कूलंटऐवजी साधं पाणी भरलेलं निघालं होतं ना? त्यामुळेच मला पहिली शंका ही आली.

आता अ‍ॅव्हरेजशी याचा संबंध. थंड इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं. पूर्वी त्यासाठी चोक ओढायचो, आता कॉम्प्युटर ते परस्पर करतो आणि इंजिन तापलं की हात आखडता घेतो. तुझं इंजिन नीट तापतच नाही, म्हणून त्याचा हात सैल राहतो. त्यात तुझं घर ते ऑफिस अंतर एवढंसं. जादा पेट्रोल थोडं थोडं ऑइलमध्येही उतरतं, म्हणून या कामानंतर ऑइल बदलून घे.

पण माझं ऐकून पार्ट टाकायचा नाही, आधी तपासायचं. २०१३ नंतरच्या गाड्यांत स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचं सॉकेट असतं. ब्लूटूथवाला साधा स्कॅनर घे. गाडी रात्रभर उभी राहू दे. सकाळी चावी ऑन कर, स्टार्ट करू नकोस, आणि कूलंटचं तापमान नि आत येणाऱ्या हवेचं तापमान दोन्ही बघ. आकडे जवळपास सारखे असले तर निदान थंडीत तरी सेन्सर खरं बोलतोय. मग शेजारी कुणाला तरी बसव, आकडे त्याला वाचायला सांग आणि हायवेला जा. तापमान ऐंशीच्या वर जाऊन तिथे टिकायला हवं. वेगात असताना ते साठ-सत्तरवर घसरत असेल आणि सिग्नलला उभं राहिल्यावर चढत असेल, तर झडप उघडी अडकलीय किंवा जागेवरच नाही. गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडू नकोस, हे तुला माहीत आहे, तरी लिहिते.

तो अकराचा आकडा तू कशावरून काढलास? डॅशबोर्डवरचा असेल तर मी धरत नाही. एकाच पंपावर, नोझल आपोआप बंद होईपर्यंत फुल टाकी कर, किलोमीटर लिही, पुढच्या वेळी तिथेच तसंच भर आणि भाग दे. पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलमुळे अ‍ॅव्हरेज पडतं हा मुद्दा बरोबर आहे, पण पुरा नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते, म्हणून २० टक्के मिसळलं की सहा-सात टक्के फटका धर. सोळाचे पंधरा होतील, अकरा नाही होणार. सध्या सगळेच मिस्त्री सगळं खापर त्याच्यावर फोडतात, ते जाऊ दे.

टायरची हवा दारापाशी चिकटवलेल्या स्टिकरप्रमाणे ठेव. फेरी मारून आल्यावर चारही चाकांजवळ हात नेऊन बघ, हात लावू नकोस. एकाचीच धग जास्त वाटली तर ब्रेक धरून राहतोय.

तापमान घसरलं तर चासी नंबर पाठव. थर्मोस्टॅट, त्याची रिंग आणि कूलंट मीच पार्सल करते. झडपेचे काही शे रुपये होतील, तुझ्या ऑक्सिजन सेन्सरच्या पुढे काहीच नाही. बसवताना कूलंटमधली हवा काढायला सांग, नाहीतर खरोखरच हीट होईल आणि गॅरेजवाला परत झडप काढेल.

तुझी,
आई

ता. क. लाईट नुसती जळत राहिली तर सावकाश गॅरेज गाठता येतं. लुकलुकायला लागली आणि गाडी धक्के देऊ लागली तर बाजूला घेऊन बंद कर. मिसफायर होत असतं, न जळालेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जाऊन कॅटलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर स्वच्छ करणारा पार्ट, जाळतं. तो पार्ट मला माझ्या दुकानातूनही तुला परवडेल असा देता येणार नाही.