पायरीवरची जागा

मंगळवार पेठ, कोल्हापूर
रविवार, रात्री साडेअकरा

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू भडाभडा बोललास आणि मी नुसतं हं हं करत राहिलो. मी रस्त्यात गाडीवर होतो, मागून बस हॉर्न मारत होती. पण तुझं एक वाक्य तेव्हापासून डोक्यातून जाईना. "आता शाहू स्टेडियमला यायचं म्हणजे नको वाटतं. सगळी कालची पोरं. मॅच बघायला येतात का रील काढायला, कळत नाही." म्हणून तू यंदा येणार नाहीस म्हणालास. त्यात आज आपल्या पेठेच्या फुटबॉल संघाची सेमीफायनल झाली. टायब्रेकरवर हरलो. पण मी लिहायला बसलोय ते हरल्याचं सांगायला नव्हे.

आधी हे कबूल करतो की तुझी तक्रार खोटी नाही. मागच्या मॅचला आपण दोन गोलनं मागं पडलो आणि दहा मिनिटं राहिली असताना अर्धी गॅलरी उठली. मला ते फार लागलं. आपण कधी उठलो होतो? चार गोल खाल्ले तरी शिट्टी होईस्तोवर बसायचो, मग खेळाडूंच्या मागोमाग आपल्या संघाच्या तालमीत जायचो. ही पोरं आपल्याच गोलकीपरला शिव्या घालतात. समोरचा खेळाडू पाय धरून पडला तर हसतात. पेनल्टी चालू असताना मोबाईल आडवा धरतात, मागच्या म्हाताऱ्याला काही दिसत नाही याचं भान नसतं. हे सगळं मी रोज बघतो. पुण्यात बसून तुला जेवढा राग येतो त्यापेक्षा जास्त मला येतो.

पण मग मी विचार करायला लागलो की त्यांच्यात आणि आपल्यात नेमका फरक कशाचा? माहितीचा तर नाही. ऑफसाईड त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं. युरोपातल्या कुठल्या क्लबात कोण कुठल्या जागेवर खेळतो ते झोपेत सांगतील. फरक आहे तो हरण्याचा. आपण जेवढं हरलोय तेवढं ते अजून हरलेले नाहीत.

वर्ल्ड कपमधल्या आपल्या अर्जेंटिनाचंच घे. 1990 ला त्या 85 व्या मिनिटाच्या पेनल्टीवर पश्चिम जर्मनीनं फायनल घेतली, तेव्हा तू माझ्या घरच्या उंबऱ्यावर बसून रडला होतास आणि आईनं तुला मध्यरात्री दूधभात खायला घातला होता. 2002 ला तर पहिल्या फेरीतच गाशा गुंडाळला. 2014 ची फायनल आठवते? पहाटेचे तीन वाजत आले होते, 113 वं मिनिट, जर्मनीच्या गोट्झेनं छातीवर बॉल घेतला आणि आपल्या गल्लीत कुणीतरी टीव्ही बंद केला. चौकात लावलेला मेस्सीचा कटआऊट सकाळी उतरवायला आपण दोघंच होतो. बाकी कुणाच्या अंगात बळच नव्हतं. एवढं सगळं पोटात घेऊन आपण 18 डिसेंबर 2022 च्या रात्रीपर्यंत पोचलो. 3-3 झालं, पेनल्टीवर 4-2 नं जिंकलो आणि मी तुला फोन लावला तर तुझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

आता चौकातली सोळा-सतरा वर्षांची पोरं बघ. त्यांच्या आयुष्यातली पहिली जागून काढलेली फायनल तीच. पहिल्याच रात्री त्यांना कप मिळाला. आपल्याला 1986 नंतर जे छत्तीस वर्षांनी पुन्हा मिळालं ते त्यांना पहिल्या घासाला. ती नाचतात तेव्हा आपल्याला वाटतं, यांना काय कळतंय. पण त्यांनी काय करायचं? उशिरा जन्मले हा काय त्यांचा गुन्हा झाला?

आणि आपण तरी कुठं जुने होतो रे! 1986 आठव. आपल्या गल्लीत टीव्ही एकाच घरी, ते मामांचं घर. मामा आणि त्यांचे सगळे दोस्त ब्राझीलवाले, पेलेच्या जमान्यापासूनचे. आपण कोण? मॅराडोनाचा एक फोटो पेपरात बघून अर्जेंटिनाचे झालेली कार्टी. 21 जूनला ब्राझील फ्रान्सकडून पेनल्टीवर हरलं. झिकोनं तर खेळ चालू असतानाच पेनल्टी घालवली. मामा भिंतीला टेकून गप्प बसले होते आणि आपण दोघं तोंडावर हात धरून हसत होतो. दुसऱ्या दिवशी आपली इंग्लंडशी मॅच. मामांनी ठरवलं असतं तर आपल्याला दारातही उभं केलं नसतं. त्यांनी काय केलं? "या रं पोरांनो, आत बसा, थंडी वाजंल," म्हणाले. मॅराडोना अर्ध्यातून बॉल घेऊन निघाला, एकेकाला टाकत टाकत आत शिरला, तेव्हा सगळ्यात आधी मामाच उठून उभे राहिले. वर आपल्याला सांगितलं, "बघा, नीट बघा, असलं पुन्हा दिसायचं न्हाई." आदल्या रात्री आपण त्यांना हसलो होतो हे त्यांना ठाऊक होतं.

खासबागेच्या कुस्ती मैदानातही हेच. राजर्षी शाहू महाराजांनी 1912 ला ते मैदान बांधून घेतलं, तिथं मी आजोबांच्या बोटाला धरून पहिल्यांदा गेलो तेव्हा मला डावांतला ढाक कुठला आणि घिस्सा कुठला हे कळत नव्हतं. शेजारी खेड्यातला एक अनोळखी पटकेवाला बसला होता. डाव लागला की तो माझ्या मांडीवर थाप मारून नाव सांगायचा. चार कुस्त्यांनंतर मीच आधी ओरडायला लागलो. तो कोण, कुठला, आजवर कळलं नाही. कुस्ती बघायची कशी हे मला त्यानं शिकवलं.

आपण कुणाला शिकवलं? मी आज स्वतःला हे विचारलं आणि उत्तर चांगलं आलं नाही.

गेल्या वर्षीच्या सीझनला एक पोरगा यायला लागला. पेठेतला नव्हे. वडील गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कामाला, घर भाड्याचं, शहरात येऊन दोन वर्षंही झाली नसतील. पहिली मॅच योगायोगानं आपली बघितली आणि आपलाच झाला. एक दिवस आपल्या नेहमीच्या पायरीवर, तात्यांच्या शेजारी, तुझ्या जागेवर येऊन बसला. कुणीतरी त्याला म्हणालं, "इथं पेठेतली माणसं बसतात." तो काही न बोलता उठला आणि दोन पायऱ्या खाली जाऊन बसला.

ते म्हणणारा मी होतो.

एवढं होऊनही तो येतच राहिला. दर मॅचला तिथंच, दोन पायऱ्या खाली, मांडीवर दोनशे पानी वही. मला वाटायचं अभ्यास करतोय. आज हाफटाईमला तात्या आणि अण्णांचं जुंपलं. गेल्या वर्षी लीगमध्ये याच संघाविरुद्ध आपला गोल कुणी केला? तात्या म्हणाले सात नंबर, अण्णा म्हणाले नऊ. दोघंही शपथेवर आले. खालून त्या पोरानं मान वळवली, वही उघडली आणि हळूच वाचलं, "67 वं मिनिट. डावीकडनं कॉर्नर. पहिल्या पोस्टला पाच नंबरचा हेडर, मागं नऊ नंबरनं लोटला."

सगळे गप्प. तात्यांना ते रुचलं नाही, चेहऱ्यावर दिसत होतं. मग त्यांनी हात पुढं केला, "बघू." वही हातात घेतली. मीही वाकून बघितली. पेन्सिलीनं आखलेल्या रेघा, प्रत्येक मॅचला दोन पानं. अकराच्या अकरा नावं, बदली कोण कधी आला, कार्ड कुणाला. तिसरा रकाना होता 'गॅलरी'. त्यात लिहिलेलं, आज ढोल नव्हता. आज पाऊस. आज तात्या आले नाहीत, आजारी असतील.

तात्या बराच वेळ त्या ओळीवर थांबले. मग विचारलं, "त्येच्या आधीचं हाय काय?"

"नाही आजोबा, तेव्हा मी नव्हतो."

"मग लिही," तात्या म्हणाले आणि सरकून बसले. हाफटाईमची दहा मिनिटं आणि पुढचा निम्मा हाफ तात्या त्याला जुन्या मॅचेस सांगत होते. तालमीतले पैलवान सकाळी लाल मातीत आणि संध्याकाळी बॉलमागं कसे पळायचे, पाटाकडील, दिलबहार, शिवाजी, खंडोबा, या सगळ्या संघांशी आपण कधी कसे भिडलो, बाहेरनं आलेला तो नायजेरियन सेंटर फॉरवर्ड, ज्याला पहिल्या मॅचला आपणच नावं ठेवली आणि सीझनअखेर गणपतीच्या आरतीला मानानं उभा केला. पोरगा लिहीत होता. मधे तात्यांचं काही चुकत होतं, अण्णा दुरुस्त करत होते, तो खोडून पुन्हा लिहीत होता. आणि मला जाणवलं की चाळीस वर्षं आपण हे सगळं तोंडानं बोलत आलो, कागदावर एक अक्षर नाही. तात्यांचं वय 78. त्यांच्याबरोबर ते सगळं गेलं असतं.

मग टायब्रेकर. शेवटची पेनल्टी आपल्या पोरानं बारला मारली. समोरची पेठ मैदानात उतरली. आपली गॅलरी पाच मिनिटांत रिकामी झाली, मोबाईलवाली सगळी गेली, तू म्हणतोस तश्शी. हा मात्र जागेवरच होता. वही बंद करून छातीशी धरलेली, डोळे लाल. थोड्या वेळानं त्यानं आमच्याकडं बघून विचारलं, "आता काय करायचं?"

मित्रा, मला उत्तर सुचेना. हरल्यावर काय करायचं असतं हे कुणी विचारतं का? आपल्याला ते माहीतच होतं. पण त्याला कुठून माहीत असणार! तात्यांनी त्याच्या खांद्याचा आधार घेतला, उठले आणि म्हणाले, "आता काय न्हाई. तालमीत जायचं. च्या प्यायचा. कुणी पेनल्टी मारणाऱ्याला कायबी बोलायचं न्हाई."

तो आला. पेनल्टी चुकवलेला पोरगा कोपऱ्यात बूट सोडत बसला होता. ह्यानं त्याला चहाचा कप नेऊन दिला, बोलला काही नाही. एका संध्याकाळीत शिकला बघ.

निघून गेलेल्यांचं काय, असं तू विचारशील. सगळी परत येतीलच असं मी म्हणत नाही. काही पुढच्या वर्षी दुसऱ्या संघाच्या मागं जातील, काही क्रिकेटकडं. पण 2017 ला आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून अंडर-17 वर्ल्ड कप खेळला तेव्हा आपल्या गल्लीतली जी पोरं फक्त त्याला टीव्हीवर बघून मैदानावर यायला लागली, त्यांतली दोघं आज आपल्याच संघात आहेत. त्यांनाही आपण तेव्हा कालची पोरंच म्हणत होतो. आणि आता मॅचला पोरी येतात, मागच्या पायरीवर बसून गळा फाटेस्तोवर ओरडतात. आपल्या बहिणींना आपण कधी आणलं होतं? हुल्लडीचं म्हणशील तर, मॅच संपल्यावर दगड कुणी भिरकावले होते ते तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. तेव्हा रील नव्हतं म्हणून पुरावा राहिला नाही इतकंच.

सीझन अजून संपलेला नाही. पुढच्या महिन्यात आणखी एक नॉकआऊट आहे, आपली पहिली मॅच शनिवारी दुपारी. शुक्रवारी रात्रीच ये, सकाळी गंगावेशीत दूध पिऊ. एक सांगून ठेवतो, तुझ्या जागेवर आता तो पोरगा बसतो. आज मीच त्याला हाताला धरून वर बसवला. तू आलास की तो सरकेल, पण मी त्याला उठवणार नाही. तिघं बसतील एवढी पायरी आहे.

आणि त्याच्या वहीत एक पान कोरं आहे. आपण दोघं पावसात भिजत बघितलेली ती फायनल, जिच्यात आपला गोलकीपर एका हातानं खेळला. तात्या तेव्हा गावाला होते. मला स्कोअर आठवतो, पण तो बोट मोडल्यावर बेंचकडं बघून काय म्हणाला होता ते तूच ऐकलं होतंस, तू लाईनला उभा होतास. मी त्या पोराला सांगितलंय, ते सांगणारा माणूस पुण्याहून यायचाय.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. धाकट्याला घेऊन ये.

तुझा,
पेठेतला मित्र