कॅप्सूलला टाचणी टोचणाऱ्या काकांना

काका, नमस्कार.

तुमच्याकडे रोज माझ्यासारखी कितीतरी पोरं डबीत पूड घेऊन तिचं चुंबकत्व मोजून घ्यायला येतात, तुम्हाला मी आठवणारही नाही कदाचित, पण मला तो दिवस आठवला की अजून डोळे भरून येतात.

झिंक ऑक्साइडमध्ये 2 टक्के मँगनीज घातलेलं माझं सॅम्पल, आणि मॅग्नेटायझेशनच्या (चुंबकत्वाच्या) ग्राफला 50 केल्व्हिनजवळ, म्हणजे उणे 223 अंश सेल्सियसजवळ, सारखा एक फुगवटा यायचा. आधी जिथे मोजून घेतलं तिथे पैसे भरून घेतले, फाइल मेल केली, आणि विचारलं तर एका ओळीत उत्तर, सॅम्पल इम्प्युअर आहे, नवीन बनवा. तीन वेळा नवीन बनवलं हो! दीड वर्ष गेलं त्यात. तू सॅम्पल भरतेस कसं, एवढं एकानेही विचारलं नाही.

तुम्ही विचारलंत. सॅम्पल भरलेली कॅप्सूल उजेडात धरून म्हणालात, "बाळा, ह्यातली हवा बाहेर जाणार कुठून?" आणि टेबलावरच्या कागदाची टाचणी काढून कॅप्सूलला बारीक भोक पाडलंत. बास, तेवढंच. हवेतला ऑक्सिजन स्वतः चुंबकाकडे ओढला जातो, 54 केल्व्हिनला गोठतो, 44 च्या आसपास परत रूप बदलतो, म्हणजे दीड वर्ष मी कॅप्सूलमधली चिमूटभर हवाच मोजत बसले होते. माझ्याच फाइलमधला स्पेसिफिक हीटचा (पदार्थ तापवायला किती उष्णता लागते त्याचा) ग्राफही तुम्हीच काढून दाखवलात, ते मोजमाप व्हॅक्यूममध्ये होतं, तिथे 50 ला रेघ अगदी गुळगुळीत, मटेरियलमध्ये खरं ट्रान्झिशन, म्हणजे रूपबदल, असतं तर तिथेही उठलं असतं ना.

माझा स्लॉट केव्हाच संपला होता, मशीन थंड करणारं हेलियम केवढं महाग ते मला माहितीय, तरी तुम्ही परत रन लावलात आणि स्वतःच्या डब्यातली अर्धी पोळी-भाजी माझ्यापुढे सरकवलीत. संध्याकाळी जुना आणि नवा प्रिंटआउट एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरलात, फुगवटा गायब! आणि म्हणालात, "तुझं मटेरियल पहिल्यापासून चांगलंच होतं गं." काका, हे वाक्य ऐकायला मी दीड वर्ष थांबले होते. मोठमोठी मशिनं पुष्कळ ठिकाणी आहेत, पण समोरच्या पोरीचं ऐकून घेणारं माणूस मशिनीपाशी बसलेलं असणं, हे किती दुर्मिळ आहे.

थिसिसच्या आभारात तुमचं नाव टाकू का विचारलं तर "नको गं, माझं कामच आहे ते" म्हणालात. म्हणून इथेही नाव घेत नाहीये. पण ती टाचणी मी तेव्हा मागून घेतली होती, कॅप्सूलच्या डबीतच ठेवलीये, आता लॅबमधल्या ज्युनियर पोरी तीच वापरतात.