स्वातीस, कप्पीसोबत

वडगाव, बेळगाव
गुरुवार, रात्री

चि. सौ. स्वातीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र पोत्यात, कप्पीच्या साखळीवर ठेवलंय. उद्या पहाटे भाजीचा टेम्पो कोल्हापूरला जातो. ड्रायव्हर ओळखीचा आहे, निपाणीत पोतं उतरवून देईल. घ्यायला संदीपरावांना पाठव. एकटीनं उचलायला जाऊ नको, एक टनी कप्पी आहे, दिसते त्यापेक्षा जड असते.

फोनवर आपलं दोघांचं काय होतं ते तुला माहीत आहेच, म्हणून लिहायला बसलो. मंगळवारी आपल्या मारुती आठशेचं इंजिन काढून बदलायचं बोलताना तू "बाबा, मला येतंय" म्हणालीस आणि फोन ठेवलास. तुला येतं, त्याबद्दल मी काही म्हणालोच नव्हतो. मी म्हटलं संदीपरावांना सोबत घे, तू ऐकलंस संदीपरावांना करू दे. पोरी, चेन ओढायला एक आणि नुसतं बघायला एक, अशी दोन माणसं लागतात. बघणाऱ्यानं कशालाही हात लावायचा नाही. नजर कप्पीवर आणि गाडीवर ठेवायची आणि तो "थांब" म्हणाला की ओढणाऱ्यानं तिथंच थांबायचं, का म्हणून विचारायचं नाही. संदीपरावांना पान्याची बाराची गोटी कुठली नि चौदाची कुठली कळत नसेल, पण "थांब" म्हणता येतं की. उलट तेच बरे. मेकॅनिक उभा केलास तर त्याचे हात शिवशिवणार आणि बघायचं राहून जाणार.

मीच आलो असतो. पण डोळ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी वाकायचं नाही, जड उचलायचं नाही म्हणून बजावलंय आणि तुझी आई दारात बसलीय. अक्षर वाकडं येतंय ते त्यामुळं.

तू पाठवलेला ऑइलच्या झाकणाचा फोटो बघितला. आतून चहात साय धरावी तसं पांढरट. त्याआधीच तू रेडिएटरमधल्या बुडबुड्यांवरून ओळखलं होतंस की सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय. इकडच्या दोघातिघांना विचारलं, सगळे म्हणाले इंजिनाचं वरचं हेड उतरवा, त्याखालचं गॅस्केट बदला, होऊन जाईल. तू हेड उतरवलंस, त्याची सपाटी तपासलीस आणि खाली इंजिनाच्या ब्लॉकलाच चीर आहे म्हणालीस. ते खरं निघालं. त्या दिवशी मी उद्यमबागेत, कारखान्यांच्या भागात, चहाच्या गाड्यावर जुन्या मंडळींना हे सांगितलं. दोनदा सांगितलं म्हणे. कोल्हापूरच्या त्या माणसाकडं बदली, वापरलेलं इंजिन घेताना तू बॅटरी जोडून, स्टार्टर मारून तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन बघितलंस, तेही. मला तर ते सुचलंही नसतं, माझं आयुष्य कास्टिंगात, म्हणजे ओतीव लोखंडात, आणि बेडमिल मशीनच्या भुशात गेलं.

आता वखारीच्या तुळईचं. वखारीच्या मधल्या तुळईला कप्पी अडकवणार म्हणालीस. तुझ्या सासऱ्यांच्या वडिलांच्या वेळची वखार, सागवानी आहे, मोठं लाकूड आहे, सगळं कबूल. त्या तुळईनं वर्षानुवर्षं कौलं पेललीत. पण कौलांचं वजन सगळीकडं पसरलेलं असतं, कप्पीचं एका बोटाएवढ्या जागेवर येतं आणि वर हिसका बसतो. शिवाय तुळईचं टोक भिंतीत जिथं शिरतं तिथं ओल धरते, वाळवी तिथंच आत शिरते, बाहेरनं रंग चकचकीत. हातोड्याचं टोक मारून बघ. खणखणीत आवाज आला तरी मला विचारशील तर नको. बोअरची मोटर ओढणाऱ्यांकडं तीन पायपांची तिपाई असते, निपाणीत ती माणसं कुणाच्या तरी ओळखीची असतीलच. एका दिवसाचं भाडं दे आणि आण. फक्त तुमच्याकडची काळी माती. वळवाचा एक पाऊस पडला असेल तरी पाय रुततो आणि एकच पाय रुतला की तिपाई कलते. तिन्ही पायांखाली जाड फळ्या घाल आणि पाय एकमेकांना साखळीनं बांध, म्हणजे पसरायचे नाहीत.

आठशेचं इंजिन हलकं, असं सगळे म्हणतात. मोठ्या गाड्यांच्या मानानं हलकंच. पायावर पडल्यावर हलकं नसतं.

कारखान्यात नानांच्या पायाचं जे झालं ते परत सांगत नाही. तुला ते पाठ आहे. तरी एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती, ती सांगतो. कप्पी तुटली नव्हती. साखळीही तुटली नव्हती. नवीन लागलेला एक पोरगा होता, कामाला चोख. शनिवारी साफसफाई करताना त्यानं कप्पीला नीट तेल घातलं, साखळीला, दात्यांना आणि ब्रेकलाही. कोरडा ब्रेक तो, चकत्या एकमेकींना घासून वजन धरतात. तेल गेलं की धरत नाहीत. सोमवारी सकाळी कास्टिंग वर गेलं, टांगून राहिलं, नानांनी खाली लाकूड सरकवायला पाय पुढं केला आणि साखळी सुटली. कर्रर्र असा एक लांब आवाज आला. मी लेथवर होतो, पाठमोरा. तो आवाज मला अजून ओळखता येतो, गल्लीत कुणी विहिरीचा रहाट सोडला तरी मान वळते. तो पोरगा दुसऱ्या दिवसापासून आलाच नाही. त्याच्याबद्दल नाना कधी वाकडं बोलले नाहीत.

म्हणून सांगतो, इंजिन वितभर उचल आणि तिथंच थांब. साखळीवर खडूनं खूण कर, पाचदहा मिनिटं बघ. खूण खाली सरकली तर कप्पी वापरायचीच नाही, मला फोन कर, दुसरी पाठवतो. आणि टांगलेल्या इंजिनाखाली हात, पाय, डोकं, काही घालायचं नाही. एखादी वायर अडकली असेल, नळी अडकली असेल, तरी आधी खाली घे, मग सोडव, मग परत उचल. दहा वेळा करावं लागलं तर दहा वेळा कर. अडकलेली नळी हातानं ओढायचा मोह होतो बघ, सगळे तिथंच फसतात.

तसंच गाडीखाली जायचं ते गाडी स्टँडवर बसल्यावर. एक्सल काढायला, सायलेन्सरचा पाइप सोडायला, गिअरचं ऑइल काढायला खाली जावंच लागतं, मला माहीत आहे. पण जॅकवर उभ्या गाडीखाली नाही आणि चिऱ्यांवर तर नाहीच. आपल्याकडं अंगणात जांभ्याचे चिरे पडलेले असतात, लोक उचलून चाकाखाली देतात. जांभा भिंतीत चांगला, तिथं भार सगळ्या अंगानं येतो. लोखंडाच्या एका टोकाखाली त्याची माती होते आणि सांगून होत नाही. साडेसहाशे किलोच्या आसपासची गाडी आहे ती. मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लाव. इंजिन निघालं की पुढचं वजन जातं, गाडी मागं झुकते, तेव्हा स्टँड हलतात. त्या वेळी तू बाजूला असायला पाहिजेस. खाली नाही.

हे तेच तेच झालं. आई म्हणते एका ओळीत लिहा आणि सही करा.

पेट्रोलचं तुला सांगायची गरज नाही, तरी सांगतो. एमपीएफआय, म्हणजे इंजेक्शनची गाडी आहे, पेट्रोलच्या लाइनमध्ये प्रेशर राहतं. पंपाचा फ्यूज काढून गाडी बंद पडेपर्यंत चालवायची, असं करता आलं असतं, पण हे इंजिन चालू करायच्या लायकीचं राहिलं नाही. त्यामुळं नळीवर फडकं गुंडाळून सावकाश सैल कर, डोळ्याला चष्मा लाव आणि त्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेव. वखारीत दिवा, शेगडी काही नको. आणि सासऱ्यांना विडी बाहेर प्यायला सांगायचं काम संदीपरावांचं, तुझं नाही. वायरींना चिकटपट्टी लावून नंबर टाक, मोबाइलवर फोटो काढशीलच, पण बसवताना हात तेलकट असतात, मोबाइल बघता येत नाही. सायलेन्सरचे नट गंजलेले असतील, पत्र मिळेल त्या रात्रीच त्यांना ऑइल मारून ठेव. इंजिन फाउंडेशनचे बोल्ट सगळ्यात शेवटी, साखळीनं भार घेतल्यावरच. साखळी नुसती ताणलेली पाहिजे, ओढलेली नको, नाहीतर शेवटचा बोल्ट निघाला की इंजिन झुलतं आणि…

राहू दे. तू डिप्लोमाला होतीस तेव्हा वर्गात एकटी मुलगी, आणि मास्तर तुलाच पुढं बोलवायचे म्हणून पोरं जळायची. सगळं कन्नडात चालायचं, मला घरी येऊन मराठीत समजावायचीस, क्लच कसा सुटतो ते दोन ताटल्या घेऊन. आईच्या ताटल्या. मी तुला काय शिकवणार. लेक्चर झालं त्याचा राग मानू नको.

आंबोलीचं आठवतंय का? गाडी नवीन होती, २००४ सालची दिवाळी झाली आणि पुढच्या पावसाळ्यात आपण धबधब्याला गेलो. येताना चढावर काटा लाल पट्टीकडं जायला लागला. मी गाडी बाजूला घेतली आणि टोपण उघडायला निघालो, तर मागनं तू ओरडलीस, "बाबा, गरम आहे, उघडू नका!" कुठं वाचलं होतंस कुणास ठाऊक. मग तासभर धुक्यात बसलो, आईनं डब्यातल्या चपात्या काढल्या आणि तू बोनेटखाली डोकं घालून पंख्याची वायर सुटलेली दाखवलीस. इवलीशी वायर, हिरवी. मी तिला दातानं सोलून जोडली. बेळगावात येईपर्यंत पंखा फिरत होता. त्याच गाडीचं इंजिन तू आता काढणार. मला कसंसंच होतंय, हे काही भीतीमुळं नाही. बरं, थोडं भीतीमुळं.

ओमूला त्या दिवशी तुझ्या नणंदेकडं पाठव. नुसतं "खेळायला जा" नको, सकाळीच नेऊन सोड. रेडिएटरमधलं हिरवं पाणी काढशील ते उघड्या घमेल्यात ठेवू नको. कूलंट गोड लागतं, म्हणून पोरंही पितात, कुत्रीही पितात, आणि विष आहे ते. झाकणाच्या डब्यात भर, गटारात ओतू नको. तुमचा मोती काहीही चाटतो.

इंजिन बाहेर आहे तोवर क्लच प्लेट आणि टायमिंग बेल्ट नवीन टाक, वॉटर पंपही. आलेल्या इंजिनावरचा बेल्ट किती चालला कुणाला माहीत. मागचं ऑइल सील गळत असेल तर तेही आत्ताच, परत उचलायची वेळ नको. पैशाचं बघू नको, मी संदीपरावांच्या खात्यावर टाकतो, त्यांना सांगू नको कशाचे ते.

कागदाचं मात्र ऐक. कोल्हापूरवाल्याकडून बिल घेतलंस ना, त्यावर इंजिन नंबर आहे ना? गाडी केए-२२ ची, माझ्या नावावर. आरसीवरचा इंजिन नंबर बदलून घ्यावा लागतो, विम्यावरही, नाहीतर उद्या काही झालं तर क्लेम अडकतो आणि रस्त्यात पोलिसानं ताडून बघितलं तर चोरीची ठरायला वेळ लागत नाही. पट्टी बांधलेल्या डोळ्यानं मी आरटीओत आलो तरी सही करेन, अर्ज कन्नडात तूच भर. माझं कन्नड ऐकून तिथला कारकून नेहमी माझ्याशी मराठीत बोलायला लागतो. जुना नंबर ब्लॉकवर कोरलेला आहे, भंगारात देण्याआधी त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घे.

तुझ्या आईकडून कळलं की हे इंजिन नीट बसलं तर वखारीत गॅरेज काढायचं तुझ्या मनात आहे. मला सांगितलं नाहीस. मी नको म्हणेन वाटलं असेल. मी कशाला नको म्हणू? निपाणीत बाईनं गॅरेज काढलेलं मी तरी बघितलं नाही. लोक पहिल्यांदा गाडी आणतील ती बघायला आणतील, दुसऱ्यांदा दुरुस्तीला. फक्त त्याआधी वखारीत लोखंडी गर्डर टाकून घे, खांबांसकट, जमिनीत काँक्रीट करून. तुळईवर नाही. गर्डरचं मी बघतो, उद्यमबागेत फॅब्रिकेशनवाले माझं ऐकतात अजून. किती उंचीचा, किती लांबीचा ते माप काढून कळव. टेपनं काढ, पावलांनी नको.

रविवारी मी फोन करणार नाही. हात कामात असताना फोन वाजला की लक्ष जातं. इंजिन खाली टायरवर टेकलं, कप्पी सोडली, की तू कर. दुपारी कर, रात्री कर, मी जागा आहे.

सासऱ्यांना आणि सासूबाईंना नमस्कार, ओमूला गोड पापा. कुंद्याचा डबा पोत्यात वरच्या बाजूला आहे, ग्रीस लागलं असेल तर पुसून घे.

तुझा,
बाबा

ता. क. साखळीला तेल मी लावलंय. ब्रेकला कुणी हात लावला नाही, मी स्वतः उघडून बघितलंय, चकत्या कोरड्या आहेत. तिकडं कुणी "जरा तेल सोडूया" म्हणालं तर सोडू देऊ नको.