आजीची पोथी आणि शेजारणीच्या बांगड्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

विधवांच्या चालीरीतींवर पंधरा दिवसांपूर्वी आपल्या अंकात दोन पत्रं शेजारी शेजारी छापून आली. एका गृहस्थांचं म्हणणं, या रीती धर्मातल्या आहेत, सरकारने आणि ग्रामपंचायतीने त्यात हात घालू नये. दुसऱ्यांनी लिहिलं, बाईच्या साऱ्या दुःखाचं मूळ देवधर्मच आहे, तो सुटल्याशिवाय काही सुटणार नाही. मी दोन्ही पत्रं दोन-दोनदा वाचली. मी मोर्शी तालुक्यातली शेतकरी बाई आहे. चार एकर वावर, त्यात दीड एकर संत्रा. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली. या दोघांनाही मला माझ्या आजीबद्दल सांगायचं आहे.

आजी, म्हणजे आईची आई, एकोणिसाव्या वर्षी विधवा झाली. गांधीजी गेले त्याच्या आदल्या वर्षी, असं ती सांगायची. माझी आई तेव्हा पाळण्यात होती. आजी माहेरी परतली आणि माजघराच्या कोपऱ्यात बसली. शेजारच्या घरी महानुभाव पंथाचा उपदेश घेतलेला होता. त्या घरची म्हातारी एक दिवस तिला बैलगाडीत घालून रिद्धपूरला घेऊन गेली. मठात काळी वस्त्रं नेसलेल्या तपस्विनी बाया होत्या. त्यातली एक म्हणाली, "पोथी दुसऱ्याच्या तोंडून किती दिवस आयकशीन वं माय?" तिने पाटावर राख पसरली आणि आजीचं बोट धरून पहिलं अक्षर काढलं. दोन पावसाळ्यांत आजी पोथी वाचायला लागली. पुढे दिराने वावराच्या फेरफारावर तिचा अंगठा मागितला, तेव्हा तिने कागद हातात घेऊन आधी वाचला आणि परत केला. ते वावर तिच्याकडे राहिलं. मी आज जे पत्र लिहिते आहे, ते त्या राखेतल्या अक्षरापासून सुरू झालेलं आहे, असं मी मानते.

हे काही आजीच्याच काळात घडलं असंही नाही. या पंथाचे संस्थापक श्रीचक्रधर गेल्यानंतर त्यांचे शिष्य म्हाइंभट यांनी, ज्याने जे पाहिलं-ऐकलं त्याला विचारून विचारून त्यांच्या लीळा, म्हणजे आठवणी, गोळा केल्या आणि रिद्धपुरातच त्यांचा ग्रंथ केला. लीळाचरित्राचं साल १२७८ सांगतात. साडेसातशे वर्षं होत आली. चक्रधरांनी बायांना संन्यास दिला, विटाळ मानला नाही. महदाइसा ही बालविधवा. तिने चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू यांच्या लग्नसोहळ्यात रिद्धपूरलाच धवळे गायिले, आणि मराठीची पहिली कवयित्री म्हणून आज तिचं नाव घेतात. पंथातले पंडित केशोबास संस्कृतात लिहायला निघाले तेव्हा चक्रधरांनंतरचे आचार्य नागदेव यांनी त्यांना अडवलं: असं केलंस तर माझ्या म्हाताऱ्या नागवल्या जातील. म्हाताऱ्यांना कळावं म्हणून धर्माचा ग्रंथ मराठीत! हे वाक्य मला पहिल्यांदा कळलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आजीच आली. अर्थात त्याच पंथाने पुढे आपल्या पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक अक्षरांत बंद केल्या आणि शेकडो वर्षं त्या बाहेरच्या कोणाला वाचता आल्या नाहीत, हेही खरंच आहे. त्याचं मला वाईट वाटतं. पण म्हणून ती राख खोटी होत नाही.

आता माझं सांगते. अकरा वर्षांपूर्वी मयत उचलायच्या आधी मला ओट्यावर बसवलं, कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या. काच मनगटात रुतली. तेरवीपर्यंत जखम ओली होती. फोडणारी माझी सख्खी मोठी जाऊ. ती माझ्याहून जास्त रडत होती. नंतर मी तिला विचारलं, हे कोणत्या पोथीत आहे? ती म्हणाली, "पोथीचं मले नाही ठाऊक बाई. पण नाही केलं त घराले लागते." घराले लागते! माझ्या पोरांना काही होईल या भीतीने तिने माझे हात धरले होते. तिच्यावर माझा राग नाही, तेव्हाही नव्हता.

४ मे २०२२ ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव घेतला. त्याच महिन्याच्या १७ तारखेला सरकारने परिपत्रक काढलं, की सगळ्या ग्रामपंचायतींनी हा आदर्श घ्यावा. आमच्या गावानेही ठराव केला. टाळ्या वाजल्या, फोटो काढला, कागद फायलीत गेला.

मागच्या कार्तिकात माझ्या शेजारणीचा नवरा रात्री ओलिताला गेला आणि मोटारीच्या पेटीला चिकटला. तिचं वय बत्तीस. सकाळी बाया जमल्या आणि एकीने बांगड्या फोडायला पाटा मागितला. ठराव करताना हात वर केलेल्या दोघी तिथेच होत्या. मी पुढे होऊन म्हटलं, "थांबा वं बायहो, हात नका लावू तिले." कोणी ऐकलं नाही. मी स्वतः विधवा, माझा शब्द कोण घेतो? ठरावाची आठवण दिली तर एक म्हणाली, "ते पंचायतीचं पंचायतीत."

तेवढ्यात दारातून आमच्या गुरुदेव सेवा मंडळाचे भजनीबुवा आत आले. सत्तरी उलटलेले. रोज संध्याकाळी सामुदायिक प्रार्थनेला खंजिरी त्यांचीच, दरवर्षी तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला मोझरीला जातात. ते एवढंच म्हणाले, "पोरीच्या हाताले लागन. महाराजायनं असं कुठी सांगतलं? राहू द्या." पाटा परत आत गेला. मंगळसूत्र तिने चौथ्या दिवशी स्वतः काढून ठेवलं. ती तिची मर्जी. बांगड्या अजून हातात आहेत.

मला त्या दोन्ही पत्रलेखकांना हे सांगायचं आहे. जे ठरावाने आणि परिपत्रकाने झालं नाही, ते एका भाविक माणसाच्या शब्दाने झालं, कारण बायांच्या मनातली भीती देवाच्या नावाची होती आणि ती देवाच्या माणसानेच काढली. आपल्याच जिल्ह्यातल्या शेंडगावच्या डेबूजींनी, गाडगेबाबांनी, स्वतःच्या लेकीच्या बारशाला मटण-दारूची पंगत मोडून गोडाचं जेवण घातलं आणि जन्मभर कीर्तनातून बकरी-कोंबडी कापू नका म्हणून सांगितलं. कायदा त्यांच्या हातात नव्हता, खराटा होता. आमच्या गावच्या बौद्ध मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेसाठी सासऱ्यांसोबत नागपूरला पायी आणि मिळेल त्या गाडीने गेल्या होत्या. त्यांच्या विहारात मेणबत्ती लावायला विधवा पुढे आली तर कोणी मागे ओढत नाही, मी पाहिलं आहे. त्यांनीही धर्मच नको म्हणून नाही, नवा धर्म धरूनच हे मिळवलं. माणसाचा विश्वास एवढा जोरकस असतो, की तो काच मनगटात घालतो आणि हातात अक्षरही देतो. मग तो वाऱ्यावर सोडून कसं चालेल?

संक्रांतीचं हळदीकुंकू झालं. शेजारणीला बोलावणं आलं नाही, मला तर अकरा वर्षं आलेलं नाही. ज्या बायांनी त्या दिवशी पाटा परत ठेवला, त्यांनीच तिला वगळलं. एका शब्दाने एवढंच होतं, रोज बोलावं लागतं.

आता फाल्गुन-चैत्रात गावोगावी सप्ते बसतील. माझी आपल्या पत्रामार्फत कीर्तनकार महाराजांना हात जोडून विनंती आहे, की काल्याच्या कीर्तनात, सगळं गाव बसलेलं असताना, हे एकदा स्पष्ट बोलावं. विधवेच्या हातून कलश उचलला तर कोणाच्या घराला काही लागत नाही, असं व्यासपीठावरून म्हणावं. जमल्यास एखाद्या विधवेच्या हातूनच आरती करावी. माझ्या जावेसारख्या बाया तुमचं ऐकतात. आमचं नाही ऐकत.

शेजारणीचं नाव कळू नये म्हणून माझंही नाव छापू नये. सोमवारी आम्ही दोघी वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे जाणार आहोत. सासरच्यांनी एक कागद आधीच तयार करून ठेवला आहे म्हणतात. ती दहावी शिकलेली आहे. सही करायच्या आधी कागद तीच वाचेल.

आपली,
एक शेतकरी बाई
मोर्शी तालुका, जि. अमरावती