अंतर कमी, तरी वेळ जास्त का?

संपादक महोदय,

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात विमानांची चौकट होती. नागपूर-मुंबई साधारण ६९० किलोमीटर, दीड तास. अमरावती-मुंबई सुमारे ५४० किलोमीटर, पावणेदोन तास. आमच्या गावच्या पानठेल्यावर त्यावरून चांगलीच जुंपली. आकडे छापताना उलटे झाले, असं बहुतेकांचं मत. मी एसटीत एकतीस वर्षं वाहक होतो, म्हणून निवाडा माझ्याकडे आला.

आकडे बरोबर आहेत. एसटीचा भाडं मोजायचा टप्पा सहा किलोमीटरचा. त्या हिशेबानं नागपूरचं विमान ११५ टप्पे उडतं, आपलं ९०. पण नागपूरहून जेट जातं, वर गेलं की ताशी आठशेच्या घरात. बेलोऱ्याहून, म्हणजे अमरावतीच्या विमानतळावरून, १६ एप्रिल २०२५ ला सुरू झालेली सेवा एटीआर ७२ ची, म्हणजे पंख्याच्या विमानाची. ते ताशी पाचशेच्या आसपासच चालतं. शिवाय छापलेली वेळ निव्वळ उडण्याची नसते. विमान जागचं हललं की घड्याळ सुरू. धावपट्टीपर्यंत रांगत जाणं आलं, मुंबईवरच्या घिरट्या आल्या. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन असून कामाची एकच.

हे मी ऐकीव सांगत नाही. मागच्या महिन्यात लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं डोंबिवलीला गेलो. वे-बिल, म्हणजे वाहकाचा फेरीच्या नोंदींचा कागद, भरायची सवय काही सुटत नाही, म्हणून डायरीत वेळा टिपत गेलो. घरून निघालो ११.१०. परतवाड्याहून गाडी ११.४५. अमरावती स्टँड १.२०. ऑटोवाल्याशी घासाघीस होऊन निघेपर्यंत १.५०. बेलोरा २.२५. तिथं डिंकाच्या लाडवांचा डबा उघडून दाखवावा लागला. तपासणीच्या पोरीला वास आवडला असावा, पण घे म्हटलं तर घेतला नाही. दार लागलं ४.३५. चाकं सुटली ४.४८, टेकली ६.१६. लेकीच्या दारात ९.००.

म्हणजे घर ते बेलोरा हे जेमतेम बारा टप्पे, त्यांना सव्वातीन तास. आणि आभाळातल्या ९० टप्प्यांना दीड तासही पुरा नाही! धाकट्या भावाला फोन केला, तर तो म्हणतो, "काहो दादा, इमानानं गेले न तुमी? मंग रात काहून झाली?" काय सांगणार त्याला? अमरावती एक्स्प्रेस रात्री झोपवून सकाळी मुंबईत उतरवते, ती काही वाईट नाही, असं बायको अजून ऐकवते. मला मात्र खिडकीतून मावळतीचं ऊन पंख्यावर पडलेलं दिसलं. ते पैसे वसूल.

तर विनंती एवढीच, की पुढच्या वेळी चौकट छापताना आणखी एक रकाना टाका. तालुक्याच्या स्टँडवरून विमानतळ किती किलोमीटर आणि पोचायला किती वेळ. अचलपूर, दर्यापूर, धारणी, वरुड, सगळ्यांचा. धारणीचा माणूस सेमाडोहचा घाट उतरून येतो, त्याचा तर मुक्कामाचाच हिशेब होईल. परतवाड्याचा आकडा तयार आहे: स्टँड ते बेलोरा २ तास ४० मिनिटं, त्यात अर्धा तास ऑटोच्या घासाघिशीचा.

आपला,
एक निवृत्त वाहक
ता. अचलपूर, जि. अमरावती